पत्ताकोबी-फुलकोबीवरची कीड: आधी पाय मोजा, मग पंप उचला

कोबीच्या वावरात रंगावरून कीड ओळखायला निघालात की फसलात. पान हिरवं, पानावरची अळी हिरवी, मावा हिरवट, आणि तो मावा फस्त करणारी आपल्या कामाची अळी, तीही पुष्कळदा हिरवीच.

मी पहिल्याच वर्षी फसलो. नागपूरहून कळमेश्वरकडे जाताना आमचं दीड एकर वावर आहे. पत्ताकोबी, फुलकोबी, थोडा मुळा आणि कडेनं मोहरी. ऑक्टोबरात मुळ्याच्या आणि मोहरीच्या कोवळ्या पानांवर काळपट अळ्या दिसल्या. पानांना भोकं पडत होती. दुकानात जाऊन "कोबी-मुळ्यावर अळी आहे" एवढंच सांगितलं आणि बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या पावडरीची, पुडी घेऊन आलो. चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोन फवारे मारले. अळ्या होत्या तशा टुणटुणीत. शेजारच्या वावरातले काकाजी धुऱ्यावर उभं राहून हे सगळं पाहत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाबू, औषध बदलून काय होते? पाय मोजले काय तिचे?"

मोजले. पोटाखाली आठ जोड्या निघाल्या. म्हणजे ती पतंगाची अळी नव्हतीच, मोहरीवरच्या करवत माशीची होती. ही माशी गांधीलमाशीच्या गोतातली. कोबीवर आपण जी बीटी मारतो ती पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यात काम करते. करवत माशीच्या अळीला ती पावडर आणि टाल्कम पावडर सारखीच. दोन फवाऱ्यांची मजुरी आणि आठ दिवस पाण्यात गेले, पण पाय मोजायची सवय लागली ती आजवर सुटलेली नाही.

औषधांबद्दल शेवटी थोडंसं येईल. त्याआधी ओळखायचं कसं ते पाहू, ज्या क्रमानं मी वावरात करतो त्याच क्रमानं.

पहिली पायरी: सकाळ आणि सामान

पाहणी सकाळी, दव सुकत असताना. उन्हं चढली की तंबाखूवरची अळी मातीत किंवा खालच्या पानांआड शिरते, करवत माशीच्या अळ्याही दडतात, आणि तुम्हाला नुसती भोकं दिसत राहतात. आठवड्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन चक्कर मारा. दिवसा सापडत नाही ते रात्री उघड्यावर चरताना दिसतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पांढरा कागद किंवा घरातली पांढरी ताटली, खुरपी, झाकणाच्या दोन-तीन डब्या आणि वही. भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटवून फोटो काढला तर अळीच्या पायांच्या जोड्या घरी आरामात मोजता येतात. पांढरा कागद कशाला? शेंड्याखाली धरून झाडाला टिचकी मारली की बारीक किडे, फुलकिडे, मावा सगळं कागदावर उठून दिसतं. हिरव्यावर हिरवं शोधण्यापेक्षा ते बरं.

दुसरी पायरी: कुठली झाडं बघायची

धुऱ्याजवळची दहा झाडं बघून घरी जाणारे पुष्कळ आहेत. मीही तेच करायचो. रंगीत ढेकूण आणि तंबाखूवरची अळी बहुधा कडेनंच घुसते, त्यामुळे कडेची झाडं पाहिली की सगळं वावर गेल्यासारखं वाटतं. आता मी नागमोडी चालतो, पाच ठिकाणी थांबतो, प्रत्येक ठिकाणी चार झाडं उलटीपालटी करतो. अशी वीस झाडं. किती झाडांवर काय दिसलं ते वहीत. तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: पीक किती दिवसांचं आहे

अर्धी ओळख इथेच पटते. पोळ्याच्या आसपास गादीवाफ्यावर रोपं असतात, तेव्हा गड्डा पोखरणाऱ्या घाटेअळीची चिंता करण्यात अर्थ नाही, गड्डाच नाही. त्या दिवसांत येतात ते उडी मारणारे काळे भुंगेरे, करवत माशी, रंगीत ढेकूण आणि रात्री रोपं कुरतडणारी अळी. रोपं दसऱ्याच्या सुमारास वावरात लागली की ऑक्टोबरच्या उष्म्यात शेंडा खाणारी अळी येते. आपल्याकडे ती सगळ्यांत कमी ओळखली जाते. त्याच सुमारास आजूबाजूचं सोयाबीन निघतं आणि तिथली तंबाखूवरची अळी हिरवं शोधत आपल्याकडे वळते. गड्डा धरायला लागला की चौकोनी ठिपक्यांचा पतंग, जाळी करणारी अळी, आणि थंडीत आभाळ आलं की मावा. उशिराचं पीक होळीपर्यंत राहिलं तर उन्हाबरोबर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या पिढ्या झपाट्यानं वाढतात.

चौथी पायरी: किडा शोधण्याआधी पान वाचा

पानावरची खूण खोटं बोलत नाही. किडा पळतो, दडतो, खूण तिथेच राहते.

पानाला खिडक्या दिसतात का बघा. म्हणजे खालून पान खरवडलेलं, पण वरचा पापुद्रा तसाच, काचेसारखा पारदर्शक. पान उन्हाकडे धरलं की लखलख दिसतं. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीची सही. पुढे पापुद्रा फाटतो आणि भोकं पडतात, पण नव्या पानांवर खिडक्या सापडतातच. अंड्यातून निघालेली अगदी लहान अळी तर पानाच्या आतच शिरून खाते. तेव्हा पांढरट, वेडीवाकडी, नखाएवढी रेघ दिसते. ती नागअळीच्या रेघेसारखी वाटते, पण नागअळीची रेघ लांबच लांब, वळणं घेत, जाईल तशी रुंद होत जाते.

रोपाच्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी खूप बारीक गोल भोकं असतील तर ते भुंगेऱ्यांचं काम. दोन-तीन मिलिमीटरचे, निळसर काळे, चकचकीत. सावली पडली की टुणकन उडी मारतात. उडी बघितली की दुसरा पुरावा लागत नाही.

पूर्ण रोप जमिनीशी कापून आडवं पडलेलं दिसलं तर पान वाचायची गरज नाही, खुरपी घ्या. बुडाभोवतीची बोटभर माती उकरली की मळकट राखाडी, तेलकट दिसणारी अळी सापडते आणि हात लागताच गोल वेटोळं करते.

आता शेंडा. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांचं फुलकोबीचं झाड धट्टंकट्टं दिसतं, पण मधली कोवळी पानं वाकडी, रेशमी धाग्यांनी चिकटलेली, त्यांत भुशासारखी विष्ठा. ती पानं अलगद सोडवली की आत फिकट, तपकिरी-जांभळट लांब रेघांची अळी दिसते. शास्त्रीय नाव हेलुला उंडालिस. ती वाढीचा बिंदूच खाऊन टाकते. मग फुलकोबी फूल धरत नाही आणि पत्ताकोबीला एका गड्ड्याच्या जागी बाजूनं दोन-चार बारके गड्डे फुटतात. लोक बियाण्याला दोष देतात. "बी बोगस निघालं" असं दिवाळीनंतर ऐकू आलं की मी आधी झाडाचा मधला भाग पाहतो. बऱ्याचदा तिथे जुन्या जाळीचे धागे अजून असतात. पण त्या वेळी कळून उपयोग नसतो, म्हणून लागवडीनंतरचे पहिले चार आठवडे दर चौथ्या दिवशी शेंडे बघायचे. सगळ्या पाहणीत एवढ्या एका कामाला आळस करू नका.

धाग्यांची जाळी शेंड्यात नसून मोठ्या पानांवर, आत पंधरा-वीस अळ्या एकत्र, पानाच्या नुसत्या शिरा उरलेल्या, असं असेल तर ती जाळी करणारी अळी. तिचं डोकं तांबूस, अंगावर लांबट पट्टे.

आणि मोठी, ओबडधोबड भोकं, पानांच्या बेचक्यांत ओल्या हिरव्या विष्ठेचे ढीग? मग मोठ्या अळीकडे बघा: तंबाखूवरची, उंटअळी किंवा घाटेअळी. गड्ड्यात गोल भोक पाडून डोकं आत आणि अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेली बहुधा घाटेअळी असते. हरभऱ्याच्या घाट्यात बसायची तिची जी सवय, तीच इथेही.

पाचवी पायरी: हात लावून पाहा

गवताच्या काडीनं अळीला मागून हलकेच डिवचा. ती काय करते त्यावर तिचं नाव ठरतं. ही परीक्षा मला भिंगापेक्षा भरवशाची वाटते.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी जोरजोरात वळवळत मागे सरकते आणि पानावरून उडी टाकून धाग्याला लोंबकळते. थोड्या वेळानं त्याच धाग्यानं वर चढते. दुसरी कुठलीही अळी एवढा थयथयाट करत नाही. लांबी फार तर बोटाच्या पेऱ्याच्या निम्मी, दोन्ही टोकांना निमुळती, पिवळट हिरवी. शेपटीकडचे पाय दोन बाजूंना फाकलेले असतात, वरून पाहिलं की इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसतात.

करवत माशीची अळी काडी लागताच मेल्यासारखी गोल होऊन खाली पडते. मातीत काळं वेटोळं शोधावं लागतं. उंटअळी पाठीची कमान करत चालते, डिवचली की तशीच कमान करून थांबते. तंबाखूवरची मोठी अळी वेटोळं करते, तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना काळ्या त्रिकोणी ठिपक्यांची ओळ असते आणि कातडी मऊ, गुळगुळीत. घाटेअळीच्या अंगावर विरळ ताठ केस असतात, बोटाला खरखर लागते. तिचा रंग मात्र विचारू नका: हिरवा, तपकिरी, गुलाबीसर, ती खाईल तसा.

सहावी पायरी: पाय मोजा

काकाजींची पायरी. अळी पांढऱ्या ताटलीत घ्या, भिंग लावा. डोक्यामागे, छातीपाशी तीन जोड्या टोकदार पाय असतात, ते जवळपास सगळ्या अळ्यांना असतात, ते सोडून द्या. मोजायचे ते पोटाखालचे मांसल, गादीसारखे पाय, शेपटीची जोडी धरून.

पाच जोड्या: पतंगाची किंवा फुलपाखराची अळी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग, तंबाखूवरची, घाटेअळी, जाळी करणारी, शेंडा खाणारी, सगळ्या यातच. तीनच जोड्या आणि मधे मोकळी जागा: उंटअळी, म्हणून तर तिला कमान करावी लागते. सहाहून जास्त जोड्या: पतंग नव्हे, करवत माशी. पाय अजिबात नाहीत आणि मावा असलेल्या पानावर गोगलगायीसारखी सरपटते आहे: थांबा, ती सिरफिड माशीची अळी आहे, मावा खायला आली आहे, तिला मारू नका.

सातवी पायरी: अंडी आणि कोष

अंडी वेळेवर सापडली तर फवारा न मारता हातानंच काम होतं. तंबाखूवरच्या पतंगाची मादी पानाखाली पुंजक्यानं अंडी घालते आणि त्यावर पिवळट-तपकिरी केसांचं पांघरूण घालते. बुरशी आलेल्या कापसाच्या बोळ्यासारखं दिसतं. ते पान तोडून डब्यात टाकलं की शेकडो अळ्या एका झटक्यात गेल्या. अंडी फुटल्यावरही पहिले काही दिवस पिल्लं त्याच पानावर घोळक्यानं पान खरवडत राहतात, म्हणून एखादंच पान जाळीदार, पांढुरकं झालेलं लांबूनही दिसतं. जाळी करणाऱ्या अळीची अंडी माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली असतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अंडी मात्र एकेक-दोन-दोन, पिवळी, शिरेच्या कडेनं, खसखशीपेक्षाही बारीक. ती शोधण्यात सकाळ घालवू नका.

मोबाईलवर कोबीच्या किडीचे फोटो शोधले की पिवळ्या अंड्यांचे मोठे पुंजके आणि पांढरं मोठं फुलपाखरू हमखास समोर येतं. ती कोबीवरच्या फुलपाखराची कीड मुख्यतः उत्तर भारतातली आणि डोंगराळ थंड भागातली. तो फोटो बघून इथे घाबरायचं कारण नाही.

कोष बघताना जरा जवळ या. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा कोष पानालाच चिकटलेला, विरळ पांढऱ्या जाळीचा असतो, एवढा विरळ की आतला हिरवट, मग तपकिरी होत जाणारा कोष आरपार दिसतो. बाहेर पडणारा पतंग करड्या रंगाचा, जेमतेम अर्ध्या पेऱ्याचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट रंगाचे तीन चौकोन ओळीनं दिसतात, नाव त्यावरूनच पडलं. पण कधी कधी त्याच पानावर तिळापेक्षा थोडा मोठा, घट्ट विणलेला, आतलं काहीच न दिसणारा पांढुरका कोष असतो आणि शेजारी वाळकी, चुरमडलेली अळी. तो कोटेशिया नावाच्या परोपजीवी माशीचा, जिची पिल्लं अळीच्या अंगात वाढतात आणि तिला मारतात. असे कोष बरेच दिसले तर वावरात आपल्याऐवजी कोणीतरी फुकटात काम करतं आहे असं समजा.

आठवी पायरी: रस शोषणाऱ्या किडी

मावा ओळखणं सोपं, पण मावा आणि मावा यांत फरक आहे. कोबीवरच्या माव्यावर राखेसारखा पांढरा थर असतो. बोटानं पुसला की खालून हिरवा निघतो. तो झुंडीनं राहतो, पानं कपासारखी वळतात, गड्ड्याच्या पापुद्र्यांत शिरतो. मोहरीवरचा मावा पिवळट हिरवा, फुलोऱ्याच्या दांड्यांवर माळ घातल्यासारखा बसतो. राख नसलेला, खालच्या जुन्या पानांखाली विरळ विखुरलेला हिरवा मावा असेल तर तो तिसराच. सगळ्यांच्या पाठीमागे भिंगातून दोन बारीक नळ्या दिसतात. झाडावर मुंगळ्यांची रांग लागली असेल तर वर मावा आहे, चिकटा खायला ते येतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते.

एक चूक फार जण करतात. पानावर आणि मातीवर पांढरे बारीक तुकडे दिसले की पांढरी माशी म्हणून फवारा. माव्यानं टाकलेली कात असते ती. पान हलवा: पांढरी माशी असेल तर उडेल, कात उडणार नाही.

रंगीत ढेकूण विसरता येत नाही: काळा, त्यावर नारिंगी-पांढरे ठिपके, ढालीसारखा. पुष्कळदा नर-मादी पाठीला पाठ लावून चिकटलेले, तसेच ओढाताण करत चालताना दिसतात. त्यांनी शोषलेल्या जागी पांढुरके डाग पडतात आणि लहान रोपं भाजल्यासारखी सुकतात. मोहरी त्यांना विशेष आवडते. अंडी पुष्कळदा मातीत असतात, म्हणून पानांवर शोधून उपयोग नाही.

नववी पायरी: आपले कोण

ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे, लाल पाठीवर काळे ठिपके. पण त्याची अळी माहीत नसते. काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा मगरीसारखी. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या बायांनी एका सकाळी "ह्या काळ्या अळ्या लय झाल्या" म्हणून ओंजळभर वेचून पाण्यात टाकल्या होत्या. माव्याच्या ऐन दिवसांत. मी बोललो नाही, कारण आधी सांगायला हवं होतं ते माझंच चुकलं. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात, तीही असू द्या. आणि माव्याच्या थव्यात काही मावे फुगलेले, गव्हाळ रंगाचे, कडक, पाठीवर गोल भोक असलेले दिसले तर त्यांच्यातून परोपजीवी माशी बाहेर पडून गेली आहे.

दहावी पायरी: किडीचं नसलेलं किडीच्या माथी मारू नका

कडेपासून आत येणारा इंग्रजी व्हीसारखा पिवळा पट्टा आणि शिरा काळ्या पडलेल्या, हा काळ्या कुजेचा जिवाणूजन्य रोग. फुलकोबीची पानं शेपटीसारखी अरुंद, पातं नसल्यासारखी, पण कडा कुरतडलेल्या नाहीत, ही मॉलिब्डेनमची कमतरता. पानावरची निळसर पांढरी झाक ही तर पानाचं स्वतःचं मेण. त्याच मेणामुळे पत्ताकोबीवर पाणी अळूच्या पानासारखं घरंगळतं.

मग करायचं काय

नाव कळलं की पुढचं बरंच आपोआप ठरतं. करवत माशी आणि अंड्यांचे पुंजके हातानं वेचता येतात, दीड एकरात तरी. शेंडा खाणाऱ्या अळीला ती शेंड्यात शिरून जाळी करण्याआधीच गाठावं लागतं. माव्याला एखाद्या कोपऱ्यात पाण्याचा जोरदार फवारा, निंबोळी अर्क, आणि ढालकिड्यांना आठवडाभर संधी. निंबोळी अर्क ५ टक्क्यांचा, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एकूण १०० लिटर. मेणचट पानावर टिकण्यासाठी थोडा साबण किंवा स्टिकर (चिकटून राहायला मदत करणारं द्रव्य), आणि नोझल खालून वर, कारण कीड पानाखाली आहे.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाबाबत जरा वेगळं. या किडीनं जगभर औषधांना हरवलं आहे. १९५३ मध्ये जावा बेटावर डीडीटीला दाद न देणारी ही पहिल्या पीक-किडींपैकी एक, आणि पुढे हवाईत शेतातच बीटीलाही तिनं दाद दिली नाही. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की उरलेल्या पिलावळीवर ते चालेनासं होतं. म्हणून झाडामागे सरासरी दोनेक अळ्या दिसेपर्यंत मी पंप काढत नाही, बीटी मारायची तर संध्याकाळी, कारण उन्हानं ती लवकर निकामी होते, आणि रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर गट बदलून. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं (आयआयएचआर) सांगितलेली मोहरीची युक्ती मात्र मी सोडत नाही: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लागवडीच्या १५ दिवस आधी पेरलेली, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग आणि मावा आधी मोहरीवर जातात. पाहणीलाही सोपं, आधी मोहरी बघायची.

दोन-तीन औषधं एका पंपात कालवून मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही. आणि काढणीआधी किती दिवस फवारा बंद ठेवायचा ते डब्यावर छापलेलं असतं. आपली पत्ताकोबी कॉटन मार्केटमधून कोणाच्या कोशिंबिरीत कच्ची जाणार आहे.

एवढं करूनही नाव पटलं नाही तर

अळी बरणीत पाळा. काचेची बरणी, तळाला कागद, तोंडाला फडक्याचा तुकडा रबरानं बांधलेला, रोज एक ताजं पान. पाणी शिंपडू नका, वाफ धरते आणि अळ्या सडतात. बरणी उन्हात ठेवू नका. उबदार दिवसांत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं सगळं चक्र अंड्यापासून तीन आठवड्यांच्या आत पुरं होतं, म्हणजे मोठी अळी आठवड्याभरात कोष करून पतंग होते. पतंग दिसला की शंका उरत नाही. तरीही अडलंच तर ती बरणी आणि खाल्लेलं पान घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नुसता फोटो नेऊ नका, अळी न्या, आणि कुठल्या पिकावर, किती दिवसांच्या, कुठल्या तारखेला सापडली ते बरणीवर लिहून न्या.

गेल्या जानेवारीत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अशीच एक बरणी होती. सहा अळ्या, सगळ्या काडी लावताच थयथयाट करणाऱ्या, त्यामुळे नाव मला आधीच माहीत होतं. घरच्यांनी फुलकोबी मीठ-हळदीच्या पाण्यात टाकताना दोनदा विचारलं की हे कधी हलणार इथून. आठव्या दिवशी फडकं सोडलं तर आत दोनच करडे पतंग. बाकी ठिकाणी तिळाएवढे पांढरे घट्ट कोष, आणि काचेवर मुंगीएवढ्या काळ्या माश्या फिरत होत्या. बरणी वावरात नेऊन उघडली. त्या आठवड्यात पंप खोलीतच राहिला.